ठिपक्याची जागा

गेल्या पौष महिन्यांत आमच्या घरीं एका ठिपक्यावरून जो प्रसंग उभा राहिला, तो सांगावा कीं न सांगावा याविषयीं आमच्या मनांत पुष्कळ दिवस चलबिचल होती. प्रसंग घरचा, त्यांतील माणसें घरचीं, आणि चूक म्हणाल तर ती सर्वस्वीं आमच्याच हातची. परंतु कुलवृत्तांताचें काम अंगावर घेतलेले आमच्यासारखे निवृत्त गृहस्थ आज अनेक कुटुंबांत आहेत. आणि संगणकापुढें बसून, आम्हीं केल्या त्याच चुका तेही करीत असतील असा आम्हांस दाट संशय आहे. तेव्हां त्यांच्या उपयोगासाठीं तरी ही हकीकत लिहून ठेवावी असें अखेर ठरविलें.

आमच्या कुळाचा जुना कुलवृत्तांत १९३९ सालीं छापला गेला. पाठीचा पुठ्ठा सुटलेली त्याची एक प्रत आमच्या वडिलांच्या कपाटांत होती. त्यानंतर त्या कामास कोणीं हात लावला नाहीं. यंदा वैशाखांत कुलसंमेलन भरवावें आणि त्या वेळीं नवी आवृत्ति काढावी असें बंधुवर्गांत ठरलें, आणि 'तुम्हांला वेळ आहे' एवढ्या एकाच पात्रतेवर तें काम आमच्याकडे आलें.

वंशावळ लिहिण्याच्या रीती दोन. एक वृक्षाची, ती दिसावयास सुंदर, पण आमच्या साडेतीनशें नांवांचा वृक्ष काढावयाचा तर पानास पान चिकटवून सतरंजीच करावी लागली असती. दुसरी रीत पायरीची. प्रत्येक माणसास एक ओळ, ओळीच्या आरंभीं एक ठिपका, आणि मुलाची ओळ बापाच्या ओळीहून थोडी आंत. सख्खीं भावंडें एका उभ्या रेषेंत. यापलीकडे नियम नाहीं. कोण कोणाचा हें शब्दांनीं सांगावें लागत नाहीं. डाव्या समासापासूनचें अंतरच तें सांगतें. आपल्या भाषेंत यासाठीं शब्दही किती सार्थ आहे पाहा. मुख्य कलमाच्या आंत बसतें तें पोटकलम, भागाच्या आंत पोटभाग, खात्याच्या आंत पोटखातें. आणि अमका अमक्याच्या पोटीं जन्मास आला असें आपण आईविषयींच नव्हे, बापाविषयींही बोलतों.

जुन्या पोथ्यांत हा प्रकार नसे. पोथीची ओळ एका समासापासून दुसऱ्या समासापर्यंत सलग जावयाची. श्लोक संपला कीं दंड द्यावा आणि तसेंच पुढें चालावें. चुकलें तर त्यावर हरताळाचा लेप. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार तेथलाच. पुढें छापखाने आले, तेव्हां खिळ्यांबरोबर अक्षर नसलेले कोरे तुकडेही आले. लहानपणीं वडिलांबरोबर आम्ही एका छापखान्यांत गेलों होतों. तेथील जुळाऱ्यास ओळीच्या आरंभीं असा कोरा तुकडा बसवितांना पाहून, 'यावर कांहींच उमटायचं नाहीं, मग हा कशाला?' असें आम्हीं विचारलें होतें. त्यानें उत्तर दिलें नाहीं; नुसता तुकडा काढून दाखविला, तोंच पुढचीं सगळीं अक्षरें एका बाजूस कलंडलीं.

तें दृश्य आम्हांस संगणकापुढें बसल्यावर आठवावयास हवें होतें. पण आठवलें नाहीं. आम्ही टंकलेखनयंत्रावर वाढलेले. त्या यंत्रावर प्रत्येक अक्षराची रुंदी ठरलेली, रिकाम्या जागेचीही ठरलेली. ओळ आंत घ्यावयाची तर स्पेसबार चार वेळां दाबावा. आणखी आंत घ्यावयाची तर आठ वेळां. हाच हिशेब आम्हीं येथेंही चालविला, आणि आठ दिवसांत सत्तर-ऐंशी नांवें मोठ्या झोकांत उतरविलीं. ठिपके सुद्धां आम्हीं पूर्णविरामाचें चिन्ह देऊन आमच्याच हातानें काढले होते. पडद्यावर सर्व कसें रेषेंत दिसत होतें.

संक्रांतीस आमच्या आत्याबाई माहेरपणास आल्या. नव्वदी ओलांडलेली आहे, पण माहेरपण चुकविलेलें नाहीं. त्यांना वाचतां यावें म्हणून आम्हीं अक्षर बारावरून सोळावर नेलें, आणि पाहतां पाहतां सारें कुळ विस्कटलें. लांब ओळींचीं शेपटें खालीं घसरून थेट समासास जाऊन भिडलीं. त्यामुळें कोणाचें शिक्षण, कोणाचें सासर, कोणाची नोकरी हीं नवे मूळपुरुष असल्याप्रमाणें डाव्या कडेस उभीं राहिलीं. आम्हीं दोन्ही कडा सारख्या करण्याची आज्ञा दिली होती, तिनें तर अधिकच घात केला. कारण कडा जुळविण्यासाठीं यंत्र ओळींतील रिकाम्या जागाच ताणतें, आणि आमच्या पिढ्या त्या रिकाम्या जागांवरच उभ्या होत्या.

नातू महाविद्यालयांतून आला, त्यानें पडद्याकडे पाहिलें आणि तो हंसला नाहीं, हें आम्ही त्याच्या खातीं जमा धरतों.

"आजोबा, स्पेस देऊन कुणी ओळ आंत घेत नाहीं."

"मग कशी घेतात?"

"वरची पट्टी बघा."

कागदाच्या डोक्यावर इंचांची एक पट्टी असते. इतके दिवस ती आम्हीं शोभेची समजत होतों. तिच्या डाव्या टोकास दोन इवलेसे त्रिकोण असतात, एक वरून खालीं टोक केलेला आणि दुसरा खालून वर. आणि त्यांच्या तळाशीं एक चौकट. वरचा त्रिकोण परिच्छेदाची पहिली ओळ कोठें सुरू व्हावी तें सांगतो, खालचा बाकीच्या ओळींचें ठिकाण सांगतो, आणि चौकट सरकविली तर दोघेही आपसांतील अंतर कायम ठेवून बरोबर सरकतात. ठिपक्याच्या यादींत वरचा त्रिकोण बाहेर, कारण ठिपका तेथें उभा राहतो. खालचा आंत, कारण मजकूर तेथें सुरू होतो आणि दुसरी, तिसरी, चौथी ओळही तेथेंच परत येते. ठिपका आणि पहिलें अक्षर यांमधील अंतर भरून काढावयाचें काम यंत्र स्वतः टॅब घालून करतें. हें समजल्यावर आम्हांस, उतारवयांत कां होईना, एक नवें व्याकरण शिकल्याचा आनंद झाला, आणि आम्ही त्रिकोण ओढीत सुटलों. ज्याला आंत न्यावयाचें त्याची चौकट आंत, ज्याला बाहेर काढावयाचें त्याची बाहेर. दोन दिवसांत वंशावळ पुन्हां रेषेंत आली.

परंतु ही दुसरी चूक पहिलीहून सूक्ष्म होती. यंत्राच्या हिशेबीं ओळ दिसते कोठें ही एक गोष्ट, आणि ती कोणत्या पायरीवर आहे ही निराळी गोष्ट. त्रिकोण ओढल्यानें ओळ आंत दिसूं लागते, पण तिची पायरी बदलत नाहीं. पायरी बदलावयाची तर ओळीच्या आरंभीं जाऊन टॅबची कळ दाबावी, म्हणजे ती एक पायरी आंत जाते; शिफ्टसह टॅब दाबली तर एक पायरी बाहेर येते. आम्हीं हातानें ओढून बसविलेले पणतू-खापरपणतू यंत्राच्या दप्तरीं सगळे मूळपुरुषाचे सख्खे भाऊ म्हणूनच नोंदलेले होते! नातवानें सबंध यादी निवडून तिला नव्यानें बहुस्तरीय साचा दिला, तेव्हां आमचीं ओढाताणीचीं मापें पुसलीं गेलीं आणि अडीचशें वर्षांचें कुळ एका क्षणांत एका रांगेंत येऊन उभें राहिलें. मग एकेका नांवापुढें बसून, 'हा कोणाचा?' असें आम्हांस विचारीत, त्यानें टॅब दाबीत प्रत्येकास आपल्या जागीं नेलें. तें काम तीन रात्री चाललें. त्या तीन रात्रींत त्या मुलास आपल्या कुळाची जेवढी माहिती झाली तेवढी आम्हीं एरवीं सांगून त्यानें ऐकली नसती.

येथें दोन अडचणी निघाल्या, त्या थोडक्यांत सांगतों. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्यें यादीस पायऱ्या नऊच. लिब्रेऑफिस रायटरमध्यें दहा. आम्ही वर्डवर काम करीत होतों, आणि मूळपुरुषापासून मोजतां आमचा नातू दहावा. म्हणजे साऱ्यांना जागा लावून देणाऱ्या मुलालाच जागा उरली नाहीं. यावर तोड अशी काढली कीं, मूळपुरुषांस यादींतून उचलून वर मथळ्याच्या जागीं बसविलें. त्यांचा मानही राहिला आणि नातवास नववी पायरीही मिळाली. "आणि माझ्या मुलांचं काय?" असें त्यानें विचारलें. तें पुढील आवृत्तीच्या संपादकानें पाहावें.

दुसरी अडचण रुंदीची. यंत्राच्या नेहमींच्या मापाप्रमाणें पहिला ठिपका समासापासून पाव इंचावर, मजकूर अर्ध्या इंचावर, आणि पुढील प्रत्येक पायरी अर्धा इंच आंत. नवव्या पायरीचा मजकूर अशा रीतीनें साडेचार इंचांवर सुरू होतो. ए-फोर कागदाची रुंदी ८.२७ इंच, दोहों बाजूंस एकेक इंच समास सोडला तर लिहावयास ६.२७ इंच राहतात. म्हणजे नव्या पिढीच्या वांट्यास पावणेदोन इंचांची बोळकांडी, आणि जुन्या पिढीपुढें अर्धा कागद मोकळा! पदव्या तर नव्या पिढीच्याच लांब. ठिपक्यावर उजवी कळ दाबली असतां यादीचें अंतर ठरविण्याची एक चौकट उघडते. तींत ठिपक्याची जागा, मजकुराची जागा आणि त्या दोहोंमध्यें टॅब असावी, स्पेस असावी कीं कांहींच नसावें, हें विचारलेलें असतें. आम्हीं पहिला ठिपका समासावर आणला आणि पायरी अर्ध्या इंचाऐवजीं ०.२ इंचाची केली. नवव्या पायरीचा मजकूर १.८ इंचांवर आला. एका पायरीच्या एका ओळीवर दिलेलें माप त्या पायरीच्या यादींतील सर्व ओळींस लागू होतें, हा या चौकटीचा मोठा गुण. सर्वांना एक न्याय.

आतां मुख्य गोष्ट.

आमच्या आजोबांस तीन अपत्यें. थोरले आमचे वडील, मधल्या आत्याबाई, आणि धाकटे काका, जन्म १९३५. आजोबांच्या धाकट्या बंधूंस संतति नव्हती. ते साताऱ्यास असत. १९४२ सालीं, मुंजीपूर्वीं, सात वर्षांच्या काकांस त्यांच्या मांडीवर दत्तक दिलें. घर एक, गोत्र एक, आडनांव एक. लौकिकांत म्हणावें तर मुलगा एका खोलीतून दुसऱ्या खोलींत गेला. पण वंशावळींत तसें नाहीं. धर्मशास्त्राप्रमाणें दत्तक पुत्र जन्मदात्याच्या घरचा राहत नाहीं, आणि १९५६ च्या हिंदु दत्तक कायद्यानेंही तेंच तत्त्व ठेविलें. दोन्ही पित्यांचा राहणाऱ्या पुत्रास शास्त्रांत द्व्यामुष्यायण असें नांव आहे. परंतु त्यासाठीं देतांना-घेतांना तसा करार व्हावा लागे, आणि आमच्या घरीं तसा झालेला नव्हता. १९३९ च्या पुस्तकांत चार वर्षांचे काका आजोबांच्या खालीं छापलेले आहेत. त्यांना तेथून उचलून साताऱ्याच्या शाखेंत नेणें हें नव्या संपादकाचें, म्हणजे आमचें काम होतें. तें आम्हीं केलें. आजोबा, त्यांच्याखालीं एक पायरी आंत वडील आणि आत्याबाई (मुलींना ठिपका देण्याचें यंदाच ठरलें, जुन्या पुस्तकांत त्या एका वाक्यांत येऊन जातात), मग एक पायरी बाहेर येऊन धाकटे आजोबा, आणि पुन्हां एक पायरी आंत काका.

वाचकांच्या लक्षांत येईल कीं, आत्याबाईंचा ठिपका आणि काकांचा ठिपका एकाच उभ्या रेषेंत आहेत. दोघांच्या मध्यें आहे ती एकच ओळ, धाकट्या आजोबांची, एक पायरी बाहेर काढलेली.

एका सायंकाळीं नातू घरीं नव्हता. धाकट्या आजोबांच्या ठिपक्यांत आणि नांवांत आम्हांस अंतर अधिक वाटलें. तें कमी करावें म्हणून आम्हीं नांवाच्या आरंभीं जाऊन मागें खोडण्याची कळ एकदां दाबली. अंतर तसेंच राहिलें. ठिपका मात्र नाहींसा झाला. यंत्राची रीतच तशी आहे: पहिल्या दाबण्यांत ठिपका जातो आणि मजकूर आपल्या जागीं राहतो. आम्हांस तें समजलें नाहीं. चष्मा पुसून आम्हीं तीं पानें छापलीं आणि आत्याबाईंच्या हातीं दिलीं.

आत्याबाई भिंग घेऊन वाचतात. अक्षरांवरून नव्हे, तर ठिपक्यांवरून बोट फिरवीत त्या खालीं आल्या. धाकट्या आजोबांची ठिपका गमावलेली ओळ त्यांच्या स्वतःच्या सासरच्या मजकुराची शेवटची ओळ असावी तशी दिसत होती. बोट तिच्यावरून पुढें गेलें आणि काकांच्या ठिपक्यावर थांबलें. पुष्कळ वेळ तेथेंच राहिलें.

"तीन," त्या म्हणाल्या. "दादा, मी, आणि हा माझ्या पाठचा. बरोबर केलंस हो."

आम्हीं पानावर पाहिलें आणि काय झालें तें कळलें. 'आत्या, ही चूक आहे' हे शब्द ओठांपर्यंत आले. परंतु त्या बोलूं लागल्या होत्या. त्या सालीं त्या दहा वर्षांच्या होत्या. जेवणाचे पाट मांडण्याचें काम त्यांचें. तो साताऱ्यास गेल्यावर दोन दिवस त्यांच्या हातून एक पाट अधिकच मांडला जाई, आणि आजीनें तो उचलला नाहीं, उचलूंही दिला नाहीं. जेवणें त्या रिकाम्या पाटासकट झालीं. तिसऱ्या दिवशीं आजोबांनीं तो स्वतः भिंतीस लावून ठेवला. एवढेंच सांगून त्यांनीं पान घडी करून मांडीवर ठेविलें आणि तिळगुळाचा डबा कोठें ठेवला आहे म्हणून सूनबाईस विचारलें. या गोष्टीस ऐंशींहून अधिक वर्षें झालीं, आणि आमच्या घरांत ती आजवर कोणाच्याही कानीं आली नव्हती.

रात्रीं आम्हीं नातवाकडून ठिपका परत घालून घेतला. तो घालावयासच हवा होता. धाकट्या आजोबांनीं त्या मुलाची मुंज केली, त्याला शिकविलें, आपलें नांव पुढें चालावें म्हणूनच तर त्याला मागून घेतलें. त्यांचा ठिपका पुसून त्यांना पुतणीच्या मजकुराची शेवटची ओळ करून ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? आणि काकांचीं मुलें-नातवंडें संमेलनास यावयाचीं होतीं. पण मग आत्याबाईंचे तीन? आमच्या सौभाग्यवतींचें मत असें पडलें कीं, त्यांना तेंच पान राहूं द्यावें आणि पुस्तक बरोबर छापावें. आम्हांस तें पटलें नाहीं. पुस्तक त्यांच्याही हातीं जाणार, भिंग त्यांच्यापाशीं आहेच.

शेवटीं आम्हीं साताऱ्यास चुलतभावास फोन केला. म्हणजे काकांच्या मुलास. सर्व हकीकत, आपल्या चुकीसह, सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला.

"दादा, बाबा २००९ ला गेले. त्याच्या आदल्या भाऊबीजेपर्यंत एकदांही चुकले नाहींत, पहाटेच्या गाडीनं निघायचे. आम्हांला वाटायचं चुलत बहीण, एवढं काय. तुम्ही दोन्हीकडे लिहा."

त्याप्रमाणें काका आतां दोनदां आहेत. आजोबांच्या खालीं तिसरा ठिपका त्यांचा. पुढें 'दत्तक दिले, १९४२. पुढील वंश धाकटी शाखा' एवढेंच, आणि त्याच्या पोटांत कांहीं नाहीं. लागलीच एक पायरी बाहेर धाकटे आजोबा, आपल्या ठिपक्यासह. आणि त्यांच्या पोटीं काका, आपल्या सर्व परिवारासह. या व्यवस्थेमुळें कुळाच्या एकूण संख्येत एक माणूस अधिक भरतो. तो वजा करावा अशी टीप आम्हीं प्रस्तावनेंत घातली होती. दुसऱ्या दिवशीं काढून टाकली.

नवें पान आत्याबाईंस दाखविलें. त्यांनीं पुन्हां वरून खालीं बोट फिरविलें. वरच्या काकांवर थांबल्या, खालच्यांवर थांबल्या, मधल्या ओळीवरचा ठिपका भिंगांतून नीट पाहिला. "काकांचाही राहिला ना? बरं झालं," म्हणाल्या, त्यांचे काका म्हणजे आमचे धाकटे आजोबा. मग पहिल्या पानाची गोष्ट निघाली. घरांत दोन निरनिराळीं पानें राहूं नयेत, उद्यां कोणी तेंच खरें धरून चालेल, म्हणून आम्हीं तें चुकीचें पान परत मागितलें. आत्याबाईंनीं तें पोथींत खुणेसाठीं घातलें होतें. त्यांनीं तें दिलें नाहीं.